धबधब्यावरची ओटी

पोहे झाले, चहा झाला, आन् मुलाच्या आईनं, सोजराबाईंनी, पदरानं तोंड पुसत सांगून टाकलं, "आता तुमच्याकडचा धबधबा तेवढा दाखवा. आमच्या वरवंडात ज्याच्या त्याच्या मोबाईलवर त्योच हाय."

सुलक्षणानं गोळा केलेल्या कपबशा परत ताटात ठेवल्या. तिचे वडील आनंदराव खुर्चीत अस्वस्थ हलले. अंगणात लिंबाखाली खुर्च्या मांडायची युक्ती त्यांचीच. दर वेळी तीच. घरात उकडतंय, बाहेर बसू, असं पाहुण्यांना म्हणायचं, म्हणजे पोरीला चप्पल काढावी लागत नाही. आन् चप्पल पायात असली की डावा पाय आखूड आहे हे कुणाच्या बापाला कळत नाही. शिरूरच्या एका कारागिराकडून त्यांनी डाव्या चपलेचा तळ आतून असा जाड करून घेतला होता, की बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटाव्या. लहानपणी सुलक्षणा उसाच्या ट्रॉलीवरून पडली, मांडीचं हाड वाकडं जुळलं, आन् तेव्हापासून त्या पायाचं नाव घरात कुणी काढायचं नाही असा दंडक होता. लोक जन्माचं व्यंग म्हणतील, खानदानाला डाग लागेल, ही आनंदरावांची भीती.

बरं, लपवून काय दिवे लागले? स्थळं यायची, चार दिवसांत कुठून तरी पायाचं कळायचं, आन् पाहुणे पायापेक्षा लपवाछपवीवर जास्त भडकायचे. पोरीची तिशी उलटली. आनंदरावांना त्यातून शहाणपण आलं नाही, नवी चप्पल तेवढी आली.

"धबधबा? अवो तिथं काय बघायचंय!" ते म्हणाले. "नुसता चिखल, आन् पुण्याची गर्दी."

"चालू की हळूहळू," सोजराबाई उठल्याच. काखेत एक कापडी पिशवी होती. सकाळी आल्यापासून ती त्यांनी खाली ठेवली नव्हती.

आनंदरावांनी सुलक्षणाला दाराआड घेतलं. "म्हातारी बेरकी हाय. आमच्या वेळंला सरळ म्हणायचे, पोरी चालून दाखव. आता म्हणायची लाज वाटती, म्हणून हा धबधबा. न्हाई म्हणालो तर संशय. दात खाऊन चाल, पण सरळ चाल. कळलं?"

तिला कळलं होतं. तिला हे स्थळ हवंच होतं. उगाच लाजायचं कशाला, हवं होतं! ज्या घरात स्वतःच्या अंगणात अनवाणी फिरायची चोरी, त्या घरातून तिला सुटायचं होतं. आन् सत्यजीत, तो मुलगा, तोही तिला आवडला होता. कुरकुंभला कंपनीत कामाला, छत्तिशीचा, कपाळ मागं सरकलेलं. पण इतकी पाहुणे मंडळी तिच्या हातचे पोहे खाऊन गेली, त्यांत "तुम्ही खाल्ले का?" असं विचारणारा हा पहिलाच.

इनामगावच्या पुढं त्यांच्या वस्तीजवळचा ओढा घोडनदीला मिळायच्या आधी खडकावरून खाली उडी घेतो, तोच हा धबधबा. पूर्वी तिथं गुराख्यांशिवाय कुणी फिरकायचं नाही. मग पंचायतीनं उद्यान केलं, बाकडी टाकली, "निसर्गरम्य पायवाट" अशी पाटी ठोकली, आन् रविवारच्या रविवारी गाड्यांची रांग लागायला लागली. बागेतून वाट करंजाच्या झाडीत शिरते, झाडीतून नदीकाठानं वळते, आन् मग चढाचे खडक. धडधाकट माणसाला फिरल्यासारखं. सुलक्षणाला मात्र करंजाच्या झाडीतच कंबरेतून कळ निघाली.

पुढं आनंदराव आन् सावळाराममामा. हे सुलक्षणाचे सख्खे मामा, स्थळ त्यांनीच आणलेलं. मागून सोजराबाई पिशवी सांभाळत. सत्यजीत तिच्या बरोबरीनं चालत होता, आन् ती बसली की न विचारता बसत होता.

"दमलात का?" त्यानं विचारलं.

"न्हाई. म्हणजे, व्हय."

तो हसला. "मीबी. बारा तास उभं राहून काम, पण चढ आला की धाप लागते."

पाणी हिरवंगार वाहत होतं, पलीकडच्या काठाला बगळे उभे होते, आन् सुलक्षणाच्या मनात आलं, सांगून टाकावं. आत्ताच. याला सांगितलं तर हा हसणार नाही. ती म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचंय. माझा हा पाय..."

"सुलूऽऽ!" आनंदराव मागं वळून ओरडले. कान कसले, सापळेच ते! "विहीणबाईंना हात दे की. चढत्यात त्या."

"इतक्यात विहीणबाई नगा करू, दादा," सोजराबाई धापा टाकत म्हणाल्या. "वर पोचू तर द्या."

त्या बोलण्यानं आनंदरावांचा चेहरा काळवंडला. सुलक्षणाचा धीरही तिथंच सुटला.

वर पोचले तेव्हा तुषार अंगावर येत होते. पोरं सेल्फी काढत होती. धबधब्याच्या अंगाला कपारीत सात शेंदरी दगड, साती आसरा. पाण्यातल्या देवी त्या. बायका तिथं ओटी भरतात. आनंदरावांचा जन्म या गावात गेला, पण बायकांचं दैवत म्हणून त्यांनी तिकडं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. नाहीतर ही वाटच त्यांनी धरू दिली नसती.

सोजराबाईंनी चपला काढल्या. सत्यजीतनं बूट काढले. मामांनीही चपला काढल्या.

"ये गं, सुलक्षणा," सोजराबाईंनी हाक मारली. "चपला काढ, आन् ये हितं माझ्याजवळ."

मधे दहा-बारा पावलांचा ओला खडक होता. सुलक्षणा उभीच राहिली. आनंदराव तिच्या मागं येऊन ठेपले, आन् तोंड न हलवता पुटपुटले, "पड."

तिला वाटलं, पाण्याच्या आवाजात काहीतरी भलतंच ऐकू आलं.

"पड म्हणतो ना! चप्पल काढ, आन् पड. पाय मुरगळला म्हणायचं. मग लंगडलीस तरी चालंल."

तिनं चपला काढल्या. जन्मभर त्यांचंच ऐकत आली होती, आज मात्र तिचं तिलाच नवल वाटलं. "न्हाई पडणार, आप्पा," ती म्हणाली. "बघू दे त्यांना." आन् तिनं पाऊल टाकलं. डावीकडं झुकत, कंबर हेलकावत, जशी ती चालायची तशीच. सत्यजीत बघत होता. त्याच्या तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही. ती आणखी एक पाऊल चालली, आन् पाठीवर तळहात टेकला.

जोरात नव्हता, हे खरं. आनंदरावांना पोरीला नुसतं बसवायचं होतं. पण शेवाळ कुणाचं ऐकतं? सुलक्षणा उजव्या पायावर सगळा भार घेऊन खाली गेली, खडकाच्या फटीत गुडघा अडकला, आन् जो आवाज झाला तो सेल्फीवाल्या पोरांनीही ऐकला.

"पाय घसरला! अवो, पोरीचा पाय घसरला!" आनंदराव ओरडले. "म्हणून लंगडत होती बघा! मघाशी वाटंतच मुरगळला होता!"

सत्यजीत पळत आला. मामा आले. सोजराबाई मात्र दगडांपाशीच उभ्या होत्या. त्यांनी सावळाराममामांकडं पाहिलं. "भाऊ, ह्यांना ठावंच न्हाई व्हय?"

मामांनी मान खाली घातली. "आनंदराव, त्यांना पायाचं मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तुम्हाला बोललो असतो तर तुम्ही मला उंबऱ्यात उभं केलं नसतं."

"डावा पाय अधू हाय, मला ठावं हाय," सोजराबाई म्हणाल्या. "आमच्या पोरालाबी कोण पोरगी देईना. म्हटलं, शिवणकाम येतं, स्वभावाची गरीब हाय, एका पायाचं चालवून घेऊ. आज आसरांपुढं ओटी भरून पसंती सांगणार होते मी." त्यांनी पिशवी उघडली. हिरवा खण, नारळ, तांदळाची पुडी. सुलक्षणानं ते खडकावर पडल्या पडल्या पाहिलं. गुडघ्यातून जीव चालला होता, तरी तिला तो खण नीट दिसला. काठाला बारीक लाल बुट्टी होती.

"मग भरा की, ताई," मामा कळवळून म्हणाले. "पोरगी तीच हाय."

सोजराबाई जवळ आल्या, वाकून सुलक्षणाचा उजवा गुडघा पाहिला. गुडघा भलतीकडंच वळला होता. "न्हाई, भाऊ. एक पाय चालला असता. आता दुसराबी गेला. मला करणारीण पायजे घरात. हिचंच करत बसू का मी म्हातारी?" त्यांनी तांदूळ आसरांपुढं ओतले. खण आन् नारळ मात्र परत पिशवीत गेले.

सुलक्षणानं सत्यजीतकडं पाहिलं. त्यानं तिला खांद्यावर घेऊन पायवाटेनं खाली आणलं, नदीकाठानं, करंजाच्या झाडीतून, पार गाडीपर्यंत. फार सांभाळून आणलं. गाडीत ठेवताना ती म्हणाली, "मला आप्पांनी ढकललं. मी तुमच्याकडं चालत येत होते."

"दिसलं मला," तो म्हणाला. मग इकडंतिकडं बघत हात झटकले. "पण आई म्हणती तसं करावं लागतं हो." आन् दार लावून घेतलं.

शिरूरच्या दवाखान्यात गुडघ्यात स्टीलची पट्टी बसवली. डॉक्टर म्हणाले, वाकणार नाही पहिल्यासारखा. सुलक्षणाची आई सिंधूबाई रडून रडून कोपऱ्यात झोपी गेली. आनंदराव खाटेजवळ स्टूल ओढून बसले.

"माझ्या चपला?" सुलक्षणानं विचारलं.

"ऱ्हायल्या तिथंच. आता कशाला लागत्यात त्या?" ते म्हणाले. मग पुढं सरकले, आवाज मऊ केला. कितीतरी वर्षांत त्यांचा एवढा मऊ आवाज तिनं ऐकला नव्हता. "सुलू, एक बरं झालं बघ. आता कुणी विचारलं तर सरळ सांगायचं, धबधब्यावर पडली, तवापासून लंगडती. अपघात काय, कुणालाबी होतो. त्यात खानदानाला डाग न्हाई."

तिनं तोंड भिंतीकडं वळवलं.

"दौंडचं एक स्थळ हाय," आनंदराव म्हणाले. "त्यांना घरात बसवू. बाहेर खुर्च्या मांडायला नकोत आता."