मोठी बोट आणि भांगाचं पाणी

मोठी बोट घ्यायची हे क्लेमेंटिनाने ठरवलं. आणि एकदा तिने ठरवलं, की देवबागच्या त्या घरात बाकीच्यांनी फक्त "कधी" एवढंच विचारायचं असतं. नवरा सांतान म्हणाला होता, आहे ती होडी बरी आहे. पण तो हे जेवताना, माशाचा काटा काढत म्हणाला, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

जुनी होडी आठ माणसांची. आता कोल्हापूर-सांगलीकडून पर्यटकांच्या पार्ट्या येतात त्या वीस-बावीस जणांच्या. मग आठ हिच्या होडीत, बाकीचे शेजारच्या बाबलीच्या मोठ्या बोटीत. आजी इकडे, नातू तिकडे, आणि डॉल्फिन दिसणार तो नेमका बाबलीच्या बाजूला. पुढच्या खेपेला ती पार्टी सरळ बाबलीकडे. मोठी बोट आल्यापासून बाबली चालतानासुद्धा मागे हात बांधून चालायचा, कलेक्टर पाहणीला आल्यासारखा. ती चाल क्लेमेंटिनाच्या डोळ्यांत कुसळासारखी सलत होती.

तेव्हा बोट सांगितली गोव्याच्या कारखान्यात. फायबरची, वर छप्पर, मागे दोन इंजिनं, चोवीस जणांची. क्लेमेंटिना स्वतः जाऊन प्रत्येक सीटवर बसून आली. चढायची पायरी उंच आहे, साडीतल्या बाईने काय उडी मारायची, असं कारखान्याच्या मालकाला सुनावून तिने एक जादा पायरी आणि धरायला दांडी लावून घेतली. लाइफ जॅकेटं जाड माणसांच्या मापाची जास्त मागवली, कारण फिरायला येणारी माणसं काय मापाची असतात ते तिला ठाऊक होतं. मुलगा रॉकी परीक्षा देऊन मोठी बोट चालवायचा परवाना घेऊन आला. दोन इंजिनांना पेट्रोल किती लागणार, ते स्कूटरवरच्या कॅनने भागणार नाही, मग टेम्पो कुणाचा, कुठल्या वारी, हेही मार्गी लागलं. सून फ्लाव्हिया फोनवर बुकिंग घेऊ लागली.

जुनी होडी रोज संध्याकाळी वाळूवर ओढायची पद्धत. घरातून एक हाक गेली की वाडीतले हात लागायचे, हुईशा करत होडी माडांपर्यंत वर. नवी बोट अशी ओढता येणार नव्हती, ती पाण्यातच राहणार. म्हणून बापलेकांनी घरासमोर खाडीत सिमेंटचा मोठा ठोकळा बुडवून त्याला साखळी आणि वर तरंगता बोया लावला. क्लेमेंटिना काठावर खुर्ची टाकून "वायच डावीकडे" म्हणत बसली होती.

बोट येत्या रविवारी आणायची, फादरांचा आशीर्वाद आणि वाडीला जेवण, हेही तिने ठरवलं. सगळ्याचा विचार झाला. एकाच गोष्टीचा झाला नाही, आणि ती रॉकीने सांगितली होती.

"माय, फुडल्या शुक्रवारी अवस. अवसेच्या उधाणार आणतंय बोट. ह्या आयतवारी पाणी भांगाचां."

अवसेला, म्हणजे अमावास्येला, मोठी भरती. भांग म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमाराची मेलेली भरती. पाणी ना धड चढत, ना धड ओसरत. आणि कर्ली खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा आडवा पडलेला, त्याच्यावरून आत यायचं.

"शुक्रवारी पाहुण्यांका काय वाढू? भाजी?" क्लेमेंटिना म्हणाली. शुक्रवारी त्यांच्यात मटण खात नाहीत. "मोठी बोट येतली नि वाडीक दुधी घालू?"

"मगे शनवारी."

"शनवारी फादर भायरगावाक जातलो, तो आठ दिसांनी येतलो. ह्या आयतवारी मिसा झाली की मोकळो आसा. बोटीर पवित्र पाणी तो शिंपडतलो काय तू?"

"अगो पण दांड्यार पाणी..."

"तुझ्या बापाशीन सगळो जल्म भांगात होडी भायर काढली नि आत आणली. तेका कधी पाणी कमी पडलां?"

हे अगदी खरं होतं. त्या होडीला गुडघाभर पाणी पुरायचं. टेकलीच तर दोघांनी उतरून ढकलायची. नव्या बोटीचं बूड खोल, त्याखाली दोन पंखे लोंबणारे. रॉकी हे सांगायला तोंड उघडणार, तोवर त्याची आई खाटकाला फोन लावून मोकळी झाली होती.

रविवारी अर्धी वाडी खाडीच्या तोंडाशी जमली. क्लेमेंटिनाने आग्रहाने बोलावली होती, एकेका दारात जाऊन. टोपात मटण तयार, केक तयार, फादर झगा घालून घामाघूम. सांतान एकटा पुढे पाण्याजवळ उभा. संध्याकाळ होत आली तशी दक्षिणेकडून पांढरी बोट आली. काय दिसत होती! क्लेमेंटिनाने बाबलीकडे पाहिलंसुद्धा नाही, पण तो बघतोय ना हे मात्र पाहून घेतलं.

दांड्याच्या बाहेर बोट थांबली. पुढे येईना. मग फ्लाव्हियाच्या हातातला फोन वाजला. तो क्लेमेंटिनाने ओढून घेतला.

"माय, भरती पुरी झाली तरी दांड्यार कमरेइतक्या पण पाणी नाय," रॉकी म्हणाला. "माका आत येवक गावणां नाय."

"हळूहळू ये."

"हळूहळू इलंय तरी पाणी वाढतला काय?"

लोक कुजबुजू लागले. क्लेमेंटिनाच्या मानेवर घाम आला. पण तिचं डोकं कधी रिकामं राहिलेलं नाही. "मगे खाडीत नको," ती म्हणाली. "हयसर समुद्राच्या बाजूक किनाऱ्याक लाव. पन्नास माणूस उभो आसा. होडी ओढतत तशी वर ओढतले."

हे ऐकून पुरुष पॅन्टचे पाय दुमडायलाच लागले. होडी ओढायची म्हटलं की देवबागचा माणूस विचार करत नाही, आधी पाण्यात उतरतो. फादरांनीही झगा वर धरला.

"क्लेमेंटिनबाय," मागून बाबली बोलला. "ती होडी नाय. ती ओढूची नाय."

"तुका कोणी बोलावल्यान ओढूक? तू हात मागे बांधून रव."

"ओढूक पन्नास काय, शंभर इले तरी जागची हलाची नाय. आणि हलली नाय तर लाट..."

"माझी बोट. लाट पण माझी."

तेवढ्यात लोकांनी "अरे, अरे" केलं. सांतान गुडघाभर पाण्यात गेला होता. खांद्यावरचा टॉवेल काढून तो बोटीला बाहेर जा, बाहेर जा, असा हलवत होता. ज्या माणसाने घरात कधी खिडकी विचारल्याशिवाय लावली नाही, तो!

क्लेमेंटिना साडी भिजवत त्याच्यापर्यंत गेली. "काय करतंस रे? लोक बघतत."

"बघांदेत." सांतानने टॉवेल थांबवला नाही. "वाळयेत बसली तर दुसरी लाट तिका आडवी करतली. तिसऱ्या लाटेक इंजिनात पाणी. मगे तू जमवलली माणसां तुकडे वेचीत बसतली."

"मगे इतके दिवस तोंडात काय होतां?"

"तू इचारलंस खंय?"

फोनमधून रॉकीचा आवाज येत होता, "माय, वारो वाढता. लवकर सांग. काळोख पडलो तर माका खंयच जावक गावचा नाय."

तो थांबला होता तिच्या शब्दासाठी. चाळिशीला टेकलेला मुलगा, हातात दोन इंजिनं, आणि आईने किनाऱ्याला लाव म्हटलं तर कदाचित लावलीही असती. हे तिच्या लक्षात आलं. समोर बोट, मागे पन्नास माणसं. बोट परत फिरवली तर ती पन्नास माणसं पुढची दोन वर्षं हेच सांगणार. नाही फिरवली तर सांगायला बोटच उरणार नाही.

"मालवणाक ने," ती म्हणाली. "बंदरात."

"थंय बांधू खंय? नांगरार रात काढूक वारो देवचो नाय."

मालवण बंदरात घट्ट बोया होता तो बाबलीचा. क्लेमेंटिना वळली आणि ओल्या साडीने त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मालवणचो तुझो बोयो रिकामो आसा मां?"

"आसा."

"मगे माका कित्याक सांगतंस? तेका सांग." आणि तिने फोन त्याच्या हातात कोंबला.

बाबलीने सांगितलं. बोया कुठे, दोर कसा, खडक कुठल्या बाजूला सोडायचा, सगळं. फोन परत देताना हळूच म्हणाला, "माझो एक पंखो पयल्या वर्सा ह्याच दांड्यार गेलो."

"तू तर इंजिन बिघडला म्हणून सांगत होतंस गावभर!"

"मगे काय सांगू? भांगात इलंय म्हणान?"

क्लेमेंटिनाला हसू आलं, ते तिने गिळलं. मग ती फादरांकडे वळली. "फादर, बोट फिराच्या आधी हयसूनच आशीर्वाद द्या. देवाक काय दांडो आडवो येता?"

फादरांनी तिथूनच हात उचलला, पाणी समुद्रात शिंपडलं. बोट वळली आणि उत्तरेला गेली. वाडी मटण जेवली, चव घेऊन जेवली, आणि घरी जाताना जे बोलायचं ते बोललीच. अंधार पडता पडता रॉकीचा फोन आला, बोट बांधली म्हणून. त्यानंतर क्लेमेंटिनाने आपलं ताट वाढून घेतलं.

शुक्रवारी, अवसेच्या पाण्यावर, बोट खाडीत आली. ना फादर, ना केक. सांतान पुढे उभा राहून हाताने दिशा दाखवत होता, आणि ती दांड्यावरून अशी सरकली जशी लोण्यातून सुरी. घरात दुधीच शिजला होता. क्लेमेंटिनाने त्याबद्दल कुणाला चकार शब्द काढू दिला नाही. बाबलीकडे कोलंबीच्या लोणच्याची बरणी गेली. आभार वगैरे काही गेले नाहीत. बरणी परत पाठव, एवढा निरोप गेला.

त्याच दिवशी दुपारी इचलकरंजीहून फोन. बावीस माणसं, उद्या, सकाळी आठला बोट पाहिजे. फ्लाव्हियाने सवयीने सासूकडे पाहिलं. तारखा, वेळा, कोण कधी सुटणार, हे सगळं आजवर क्लेमेंटिनाच्या तोंडून यायचं. ती हो म्हणायला गेली आणि थांबली. फोन आपल्या हातात घेतला, त्यावर तळवा दाबला आणि ओट्यावर जाळं विणत बसलेल्या नवऱ्याला हाक मारली.

"अहो, उद्या दांड्यावयल्यान कितक्यार?"

फ्लाव्हिया चमकलीच. सांतानने जाळ्यातून मान वर केली नाही. "धा वाजता भायर. दोनाच्या आधी आत."

क्लेमेंटिनाने तळवा काढला आणि पाहुण्यांशी बोलायच्या शुद्ध भाषेत म्हणाली, "आमची बोट दहाला सुटते. आठ वाजता इथे समुद्र बंद असतो."