डाव्या बुरुजाचा सांधा

हसू नका, पण मी किल्ला बोलतोय. उंची वीतभर, लांबी दोन हात. चार बुरूज, एक दरवाजा आणि एक खंदक, त्यात पाणी म्हणून गोंद ओतून वाळवलेला. माझ्या तटावर पहारा देणारे शिपाई तुमच्या करंगळीच्या पेराएवढे. तरी दुपारचं ऊन खिडकीतून तिरपं आत आलं की माझी सावली टेबलभर पसरते, आणि तेवढा वेळ मला वाटतं की मी खराच आहे, पलीकडच्या टेकड्यांवरच्या मेंढ्या माझ्याच राज्यात चरतायत. मग ऊन सरकतं. मी पुन्हा वीतभर होतो.

घराच्या भिंतींत थंडी अडवायला जी करड्या फोमची लादी घालतात, तिच्यातून मी जन्मलो. कुठे, तर एनॉक अल्डरसनच्या परसातल्या लाकडी शेडमध्ये. एनॉकनं इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या दऱ्यांमध्ये आयुष्यभर गडगे रचले. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यानं हातोडा खुंटीला लावला आणि शनिवारी दुपारी चॅपलच्या हॉलमध्ये जायला लागला. तिथे खेळण्यातल्या लढाया लढणाऱ्या एका क्लबची माणसं टेबलावर हिरवं कापड पसरून शिशाचे शिपाई मांडायची, फासे टाकायची आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या वेढ्याचा निकाल चहाच्या वेळेआत लावून टाकायची. त्या लढायांना किल्ले हवेत, म्हणून एनॉक किल्ले करायला लागला.

इतर लोक फोमवर दगडाचा पोत कसा आणतात माहीत आहे? चांदीचा कागद चुरगळून त्याचा गोळा भिंतीवरून फिरवतात. दोन मिनिटांत तट तयार. एनॉकला हे ऐकूनच ठसका लागायचा. त्यानं बोथट पेन्सिलीनं माझ्या अंगावर एकेक दगड दाबून कोरला. दोन दगडांच्या मधल्या फटीवर वरच्या थरातला दगड आलाच पाहिजे. उभा सांधा खालच्या सांध्यावर कधी येऊ द्यायचा नाही, नाहीतर पहिल्याच हिवाळ्यात भिंतीचं पोट सुटतं. आता मला कुठला हिवाळा! पण हे त्याला कोण सांगणार?

डोरीन सांगायची. ही पूर्वी शाळेत स्वयंपाक करायची, आता क्लबात रंगाचं काम तिच्याकडे. गेली अकरा वर्षं ती एनॉकच्या शेडमध्ये चहाला येत होती.

"एनॉक, हा किल्ला आहे की मेंढ्यांचा कोंडवाडा?"

"तू रंगाचं बघ बाई. दगड माझे."

"हजारो कोरलेस रे. मोजणार कोण?"

"मी."

ती गेली की तो माझ्याशी बोलायचा. काम करताना बोलायची त्याला सवयच होती, आणि मी काही कुणाला सांगणारा नव्हतो. त्या हिवाळ्यात त्यानं मला सांगितलं की डोळ्यांच्या डॉक्टरनं हात टेकलेत. मधलं दिसणं जाणार, कडेकडेचं तेवढं राहणार. "मार्चच्या प्रदर्शनात तुला मांडायचं. तिथवर डोळे टिकले म्हणजे झालं," तो म्हणाला. "नंतर मी काय करायचं रे? हात मांडीवर ठेवून खिडकीत बसू?" तेव्हापासून तो माझ्याकडे मान वाकडी करून बघायचा, आणि मला वाटायचं, हा लाजतोय.

आता फोमच्या दुनियेतला एक नियम सांगतो. स्प्रेचा रंग फोमला खातो. म्हणून आधी गोंद घातलेला काळा रंग ब्रशनं सगळीकडे द्यायचा आणि तो वाळल्यावरच स्प्रे मारायचा. हे क्लबात सगळ्यांना ठाऊक, आणि प्रत्येकानं नवखा असताना एकदा तरी या चुकीपायी एखादा किल्ला घालवलेला. एनॉकनंही मला काळा रंग दिला. तीन बुरुजांना दिला, तटाला दिला, दरवाजाला दिला. डावा बुरूज राहून गेला. माझं अंग मुळातच गडद करडं. काळं काय आणि करडं काय, त्याच्या डोळ्यांना दोन्ही सारखंच.

फेब्रुवारीतल्या एका कोरड्या सकाळी त्यानं मला अंगणात नेलं आणि स्प्रे मारला. आधी नुसतं गार वाटलं, जरा झोप आल्यासारखं. मग डाव्या अंगानं मी चहात टाकलेल्या साखरेसारखा विरायला लागलो. एनॉकला ते दिसलं नाही. वास बदलला तसा तो थांबला, त्यानं बोट लावलं आणि बोट पार आत गेलं.

थोड्या वेळानं डोरीन आल्याचा केक घेऊन आली. "अरे देवा! एनॉक! पहिल्या दिवशीची पोरं करतात हे!"

त्यानं बोट पँटला पुसलं. मग म्हणाला, "दिसलं नाही गं. रंग दिलाय की नाही ते दिसलंच नाही. तुझं तोंडसुद्धा दिसत नाही आता. कान तेवढे दिसतात."

"कान बरे आहेत ना पण?"

"मोठे आहेत."

दोघं हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. "याला कचऱ्यात टाक," एनॉक म्हणाला. "पेन्सिली, सुऱ्या, सगळं घेऊन जा. संपलं माझं." त्यानं शेडचं दार ओढून घेतलं आणि तो घरात गेला. मला रडता येत नाही, नाहीतर तेव्हा रडलो असतो.

डोरीननं मला गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून पट्टा लावला. कचऱ्याकडे जायचा रस्ता डावीकडे होता. ती सरळ घरी गेली.

पुढचे दिवस मला स्वप्नासारखे आठवतात. स्वयंपाकघरातलं टेबल, किटलीची वाफ, खिडकीबाहेर दरीतून चढत येणारं धुकं. तिनं माझा खाल्लेला बुरूज कापून काढला, नवा तुकडा चिकटवला आणि जीभ बाहेर काढून दगड कोरायला बसली. छान कोरत होती. अकरा वर्षं ऐकलेलं सगळं तिच्या हातात उतरलं होतं, एकही सांधा चुकत नव्हता. बुरुजाच्या कोपऱ्याशी आल्यावर मात्र ती थांबली. उठली, कप धुतला, बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिली. परत येऊन तिनं पाच थरांचे पाच सांधे मुद्दाम एकाखाली एक कोरले, सरळ रेषेत. बोटानं चाचपून बघितलं आणि म्हणाली, "हं."

मग आधी ब्रशनं काळा रंग आला, आणि त्यावर बाकीचे. ब्रश करड्या रंगात बुडवायचा, फडक्यावर जवळजवळ कोरडा पुसायचा आणि दगडांच्या कडांवरून अलगद फिरवायचा. प्रत्येक फटकाऱ्यागणिक माझं वय वाढत होतं. शंभर वर्षं, दोनशे, तीनशे. फटींमध्ये पातळ तपकिरी पाणी उतरलं, पायथ्याशी स्पंजचं शेवाळ आलं, खंदकाच्या काठावर चहाच्या पुडीतल्या वाळलेल्या पत्तीचा पाचोळा पडला. मी डोळे मिटले असते, तर मेंढ्यांच्या घंटा ऐकू आल्या असत्या.

प्रदर्शनाला यायला एनॉक तयार नव्हता. "मी आंधळा तिथे काय बघू?"

"पोर्क भरलेली पेस्ट्री खा. चल, बस गाडीत."

हॉलमधल्या प्रत्येक टेबलावर पाटी होती, हात लावू नये. तसा रिवाजच आहे. रंगवलेल्या वस्तूला दुसऱ्यानं बोट लावलं तर या लोकांना आपलाच गाल कुणी चिमटल्यासारखं होतं. डोरीननं एनॉकचा हात धरून माझ्या तटावर ठेवला.

"अगं, हात लावू नये लिहिलंय ना इथे?"

"तुला कुठे वाचता येतंय!"

त्याची बोटं चालायला लागली. दरवाजा, तट, उजवा बुरूज. आपला एकेक दगड त्याला ओळखू येत होता, ओठ हलत होते. एवढ्या प्रेमानं मला आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मग बोटं डाव्या बुरुजावर आली, कोपऱ्याशी थबकली. वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली.

"हे कुणी केलं?"

"मी."

"सांधा सरळ खाली गेलाय! एक, दोन... पाच थर! पाच!" एनॉकचा आवाज एवढा चढला की शेजारच्या टेबलावरची लढाई थांबली. "अकरा वर्षं माझा चहा ढोसलास आणि हे शिकलीस? मेंढीनं ढुशी दिली तरी पडेल हा बुरूज!"

"चुकलं रे. कुणाला दिसतंय एवढं?"

"मला लागतंय ना हाताला! सोमवारी घेऊन ये याला. पुट्टी भरू, वाळली की मी कोरतो परत."

"तुला दिसत नाही म्हणालास."

"सांध्याला डोळे कशाला लागतात?" एनॉक म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्याचा हात माझ्यावरच होता. एनॉक तो उचलायचं नाव घेत नव्हता.

त्याला आता तीन वर्षं झाली. मी शेडमधल्या फळीवर असतो. खाली टेबलावर एनॉक बोटांनी चाचपत नवे किल्ले कोरतो, डोरीन ते रंगवते. सध्या एक पूल चाललाय. अधूनमधून तो मला उतरवून तो कोपरा चाचपतो, म्हणून तिथला रंग झिजतो आणि डोरीनला दर वसंतात नवा द्यावा लागतो. त्या पाच सांध्यांवरून तो तिला अजून टोचतो. ती म्हणते, "चुकलं बाबा, कितीदा सांगू?" आणि त्याच्या कपात चहा ओतते.

कधी त्या बाजूला आलात, तर शेडचं दार लोटून आत या. मला खुशाल हात लावा, मला आता आवडतं ते. पण तिच्या स्वयंपाकघरात मी काय पाहिलं, ते त्याला सांगू नका.