खिडकी उजव्या अंगाला

केदारचा मेसेज आला, तोही मोजून चार शब्दांचा: "रविवारी येतो. कॅबिनेट नेईन." सुधाकर टेंब्यांनी चष्मा पुसून तो तीनदा वाचला. इंदूरहून उज्जैनला बस दीड तासात येते, पण त्यांच्या मुलाला हे अंतर कापायला तीन वर्षं लागली होती. आणि आता येणार, तेही बापासाठी नाही, पत्र्याच्या एका डब्यासाठी.

डबा म्हणजे केदारच्या कॉम्प्युटरचा कॅबिनेट. दहावी झाल्यावर त्यानं एकेक भाग आणून तो स्वतः जोडला होता. आता मागच्या खोलीत टेबलावर नुसता बसून असायचा. विजया होती तोवर ती त्याच्यावरून फडकं फिरवायची, ती गेल्यावर सुधाकरराव फिरवू लागले. घरात केदारची म्हणावी अशी तेवढीच वस्तू उरली होती. कपडे, पुस्तकं, सायकल केव्हाच गेली. आता हाही गेला की नानाखेड्याच्या त्या घराची पायरी चढायला मुलाला निमित्त म्हणून उरणार नव्हतं. सुधाकररावांना हे स्वच्छ दिसत होतं आणि त्यांची झोप उडाली होती.

मुलगा का तुटला, हे कॉलनीत कुणालाही विचारा. सगळे होते त्या वेळी. विजयाच्या तेराव्याला पंगत उठत होती, केदार भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडत होता, आणि सुधाकरराव चारचौघांत म्हणाले, "जिवंत होती तेव्हा तिचा साधा धागा मनगटावर ठेवला नाहीस. आता रडून कुणाला दाखवतोस?" दुःखात माणूस काहीही बोलतो म्हणतात. खरं आहे, पण ऐकणाऱ्यालाही दुःखच असतं. केदारनं डोळे पुसले, बॅग उचलली आणि चारची बस धरली.

धाग्याचं असं, की विजया दर सोमवारी महाकाळाला जायची आणि येताना लाल-पिवळा धागा आणायची. तीन वेढे आणि वर दुहेरी गाठ घालून तो मुलाच्या उजव्या मनगटावर बांधायची. मुलगा बांधू द्यायचा. संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसला की हात रिकामा. सुधाकरराव चिडायचे, आईची श्रद्धा उकिरड्यावर फेकतो म्हणायचे. विजया शांतपणे म्हणायची, "टाकत नाही हो तो." आई पांघरूण घालते आहे, एवढाच अर्थ त्यांनी त्यातून काढला.

बरं, नाही म्हणण्यात या गृहस्थांचा हात कुणी धरला नसता. बँकेत बत्तीस वर्षं समोरच्याला नाही म्हणण्याचंच काम केलेलं. सोळा वर्षांचा केदार एकदा कागदावर चित्र काढून घेऊन आला होता. कॅबिनेटच्या पत्र्याला चौकोनी खिडकी कापायची, तिला पारदर्शक काच लावायची, म्हणजे आतले पंखे, दिवे, सगळी जोडणी बाहेरून दिसेल. बाहेरगावची मुलं असं करतात, म्हणाला. सुधाकररावांनी चित्राकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. धडधाकट वस्तूला भोक पाडायचं याला अक्कल म्हणत नाहीत, एवढं बोलून त्यांनी पेपर उघडला. केदारनं तो विषय पुन्हा काढला नाही. कुठलाच विषय फारसा काढला नाही.

ते चित्र विजयानं जपून ठेवलं होतं. मेसेज आला त्या दिवशी सुधाकररावांना ते कपाटात, तिच्या साड्यांखाली सापडलं. आणि त्यांच्या मनानं घेतलं, की रविवारच्या आत खिडकी कापून घ्यायची. माफी मागणं त्यांच्या जिभेला जमणार नव्हतं. निदान खिडकी बघून पोरगा दोन मिनिटं खाली बसेल, बसला तर चहा घेईल, चहा घेतला तर जेवायलाही थांबेल. माणूस आशेला लागला की कसल्याही शिड्या लावतो.

देवास गेटजवळच्या कॉम्प्युटरवाल्यानं हात वर केले. हल्ली काचेचेच कॅबिनेट येतात, हा भंगारात द्या, असा फुकटचा सल्लाही दिला. सुधाकररावांनी त्याच्याशी वाद घातला नाही. शेजारच्या पाट्या रंगवणाऱ्याकडून अ‍ॅक्रिलिकचा तुकडा घेतला, मोटारीच्या दाराला लावतात तसली रबराची पट्टी घेतली, कॅबिनेट स्कूटरवर पायांशी उभा केला आणि भैरवगढ़ला इस्माईलभाईंकडे गेले.

इस्माईलभाई लाकडी ठसे कोरत. भैरवगढ़च्या चादरींवर उमटणाऱ्या वेलबुट्टीतली निम्मी त्यांच्या हातची. सुधाकरराव नऊ वर्षं तिथल्या शाखेत होते, तेव्हापासूनची ओळख. इतकी बारीक रेघ धरून पातं चालवणारा माणूस गावात दुसरा नव्हता. इस्माईलभाईंनी पत्रा बोटानं वाजवून पाहिला. लकड़ी हो या पतरा, लकीर पर ही तो चलना है, म्हणाले, आणि शनिवारी बोलावलं. सुधाकररावांनी केदारचं चित्र त्यांच्या हातात दिलं. खिडकी डाव्या अंगाला हवी, हे तोंडानं सांगितलं आणि चित्रावर बाण काढून लिहूनही दिलं. सगळं काही दिसतं ते डाव्या अंगानं. उजवा पत्रा काढला तर मागची बाजू आणि वायरींचा गुंता. तिकडे कुणी बघत नाही, दुरुस्तीवालेही नाही.

शनिवारी सुधाकरराव पोचले तेव्हा कॅबिनेट दारात उन्हात ठेवलेला होता. खिडकी अशी कापली होती, की कुठे दात नाही, कड नाही, कोपरे गोल, रबर घट्ट बसलेलं. सुबक काम. फक्त ती उजव्या अंगाला होती.

सुधाकररावांच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी चित्र मागितलं, बाण दाखवला, डावं म्हणजे कुठलं ते हातवारे करून सांगितलं. इस्माईलभाईंनी कपाळावर हात मारला. चाळीस वर्षं हाताला एकच वळण. ठशावर सगळं उलटं कोरायचं, तर कापडावर सुलटं उमटतं. मोर डावीकडे बघायला हवा, तर लाकडात तो उजवीकडे बघतो. कागद हातात आला, की आधी पालथा करायचा. तसा त्यांनी हाही पालथा केला होता.

"ग़लती मेरी है, साहब," ते म्हणाले. "लेकिन पतरा खोला तो अंदर मन्नत के धागे बँधे दिखे. मुझे लगा, यही दिखाना होगा."

कसला नवस, कुठले धागे, असं पुटपुटत सुधाकरराव उकिडवे बसले आणि त्यांनी खिडकीतून आत पाहिलं.

वायरींचा गुंता तिथं नव्हताच. एकेक वायर सरळ नेऊन शेजारच्या वायरीला बांधली होती, आणि प्रत्येक बांधणीला लाल-पिवळा धागा होता. एक नाही, दोन नाही. वरपासून खालपर्यंत धागेच धागे. सगळ्यात जुने विटून गुलाबी झालेले, अलीकडचे अजून लालभडक. जिथं बांधायला वायर उरली नव्हती, तिथं एकाच जागी पाच-पाच, सहा-सहा. आणि गाठी सुटलेल्या नव्हत्या. मनगटावरून धागा तसाच सरकवून काढला होता, वायरींवर दुमडून चढवला होता, आणि गाठ जिथल्या तिथं होती. तीन वेढे, वर दुहेरी. लोणच्याच्या बरणीला फडक्याचा दादरा बांधताना विजया घालायची तीच गाठ.

सुधाकररावांनी खिडकीवर हात ठेवला. टाकत नाही हो तो. तिला माहीत होतं. ती साधं सरळ सांगत होती आणि यांनी ऐकून घेतलं नव्हतं, तिचंही नाही आणि त्याचंही नाही. तेराव्याला केदार उलट उत्तर देऊ शकला असता, मागच्या खोलीत चला, हे बघा, म्हणू शकला असता. आईच्या पंगतीत बापाला खोटं पाडायचं नाही, म्हणून तो उठून गेला. हे लक्षात आलं तेव्हा सुधाकररावांना स्वतःची इतकी लाज वाटली, की इस्माईलभाई दुसराही पत्रा कापून देतो म्हणत होते, ते त्यांना ऐकूच आलं नाही.

रविवारी केदार आला. पोट थोडं सुटलेलं, दाढी वाढवलेली, चालण्यात मात्र विजया. चप्पल काढतानाच म्हणाला, "बाबा, फार थांबत नाही. साडेबाराच्या बसनं वापस निघतो."

"कॅबिनेट ने की," सुधाकरराव म्हणाले. "आत आहे."

त्यांनी कॅबिनेट टेबलावर खिडकी पुढे करून ठेवला होता. केदार दारातच थबकला. मग जवळ गेला, वाकला, रबरावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "खिडकी उलट्या अंगाला कापली तुम्ही."

"इस्माईलभाईंची चूक. पण झाली ते बरं झालं." सुधाकररावांनी रात्रभर घोकलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे. "केदार, मी त्या दिवशी खोटं बोललो. सगळ्यांसमोर बोललो. तुझी आई मला सांगत होती, मी ऐकलं नाही."

केदारनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो खिडकीशी बोलत असल्यासारखा बोलला. "पहिले दोन असेच लावले होते. वायर बांधायला दुसरं काही नव्हतं घरात. हात टाइप करताना खाजायचा, म्हणून काढायचो. मग तिसरा आला, तो फेकवेना. पुढे सवयच होऊन गेली." मग काचेवर, धाग्यांपाशी बोट टेकवून म्हणाला, "मला कॅबिनेट नको होता, बाबा. तो तर कबाड आहे. मला हे हवे होते."

त्यानं खिशातून लहान पेचकस काढला. तो आणलाच होता. पत्रा उतरवला, एक वायर एका टोकाला सोडवली आणि सगळ्यात खालचा, लाल धागा अलगद सरकवून बाहेर काढला. शेवटच्या सोमवारचा. तो त्यानं मनगटावर चढवायला घेतला. अंगठ्याशी येऊन धागा अडला. त्यानं बोटं जुळवून हात निमुळता केला, पुन्हा ओढलं. हात आता भरला होता, आणि इतकी वर्षं तापून-निवून धागा ताठ झाला होता.

"गाठ सोडावी लागेल," केदार म्हणाला. त्याची नखं गाठीपाशी गेली.

सुधाकररावांना ओरडावंसं वाटलं. त्यांनी नुसता त्याच्या हातावर हात ठेवला. ती गाठ पुन्हा घालणारं आता कुणी नव्हतं. दोघांनाही ते एकदमच कळलं. केदारची बोटं थांबली, आणि तेराव्याला अर्धं राहिलेलं रडणं त्यानं तिथं, त्या टेबलाशी उभ्या उभ्या पुरं केलं. या वेळी बाप काही बोलला नाही. त्यांचंही तेच चाललं होतं.

साडेबाराची बस गेली. केदारनं धागा पुन्हा वायरीवर चढवला, होता तिथंच, वायर जोडली, पत्रा लावला आणि चारही पेच घट्ट केले. जेवताना त्यानं डाळीत मीठ कमी असल्याचं सांगितलं, आणि सुधाकररावांनी मिठाची बरणी पुढे केली. केदार निघताना त्यांनी कॅबिनेटवर टाकायला जुनी चादर काढली, स्कूटरवर बसस्टँडपर्यंत सोडतो म्हणाले.

"राहू द्या इथंच," केदार चप्पल घालत म्हणाला. "डाव्या अंगालाही खिडकी कापायची आहे अजून. पुढच्या रविवारी येतो."