उतारावरचं डिझेल

माझा धाकटा भाऊ शाळेची व्हॅन चालवतो आणि मी त्याच व्हॅनमध्ये पोरांना चढवते-उतरवते. डिझेल वाढलं की आधी याचं तोंड सुटतं. त्या सकाळी पंपावर पुन्हा नवा भाव लागला होता. "घ्या, अंगावरचे कपडेही काढून घ्या!" हा पंपवाल्यावर खेकसला. तो बिचारा काय करणार? मी म्हटलं, "गप गाडी चालव. मागे नऊ लेकरं आहेत."

टेकडीवरून शाळेच्या फाटकापर्यंत सरळ उतार आहे. वर पोचताच त्यानं गिअर काढला आणि इंजिनच बंद केलं.

"अरे, काय झालं?"

"काही नाही गं ताई. गाडी आपसूक खाली जातेय, तर डिझेल कशाला जाळू?"

गाडीनं वेग धरला. पोरं खूश, आरडाओरडा नुसता. पहिला ब्रेक लागला. दुसरा जरा कमी. तिसऱ्यांदा त्यानं पाय दाबला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताई, ब्रेक दगड झालाय. दबतच नाही."

बंद इंजिनावर ब्रेकचा जोर दोन-तीन दाबांत संपतो, हे मला मेलीला कुठं ठाऊक? मला फक्त समोरचं फाटक दिसत होतं आणि फाटकात पोरांची झुंबड.

"चालू कर ना गाडी!" मी किंचाळले. त्याचे हात स्टिअरिंगला चिकटले होते, सुटेचनात. शेवटी मीच वाकून किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, मग एकदाचं लागलं. ब्रेक कचकन बसला आणि फाटकापासून दोन हातांवर आम्ही थांबलो.

"काका, परत एकदा!" मागून पोरं ओरडली.

मी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मलाच रडू फुटलं. "कुणी शिकवलं रे तुला हे?"

त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मग म्हणाला, "मला कुणी नाही. मीच काल शिकवलं, बाकीच्या व्हॅनवाल्यांना."

मी मागे वळून पाहिलं. टेकडीवरून दुसरी व्हॅन खाली येत होती, खिडक्यांतून पोरं हात हलवत होती. मी कान देऊन ऐकलं. इंजिनाचा आवाज नव्हता.

"बाजूला व्हा रे!" ओरडत मी फाटकातल्या पोरांकडे धावत सुटले.