सहाव्या रविवारी म्हातारी परत आली

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात पेडगावच्या बुद्धविहारात सिनेमा आला, तो एका पत्र्याच्या पेटीतून. पेटीत सात चपटे डबे होते आणि डब्याडब्यात एकेक रीळ. कुणा जपानी भिक्खूंनी ती नागपूरला देऊन ठेवली होती. परभणीच्या कचेरीत कारकून असलेले आणि विहार समितीचे अध्यक्ष असलेले किशनराव नागपूरला गेले होते, त्यांनी ती दोन महिन्यांच्या बोलीवर मागून आणली.

"चितारलेला सिनेमा हाय," किशनराव म्हणाले. "माणूस एक बी न्हाई त्यात. नुसती चित्रं. पण चालत्यात, बोलत्यात."

"बोलत्यात कशात?" कुणीतरी विचारलं.

"जपानीत."

सगळ्यांनी एकदम तात्याराव गुरुजींकडे पाहिलं. 

तात्याराव गुरुजी शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. गावात त्यांची ख्याती एकच, की ते वाचतात. भजी बांधून आलेला कागदसुद्धा उलगडून, तेल पुसून वाचतात. अशा माणसाला सगळंच येतं, असं गावाने आपसूक धरलं होतं आणि गुरुजींना ते कधी खोडून काढता आलं नव्हतं. खोडायचं तर चारचौघांत बोलावं लागतं. तेच तर त्यांना जमत नसे. शाळेतसुद्धा ते फळ्याकडे तोंड करून शिकवत.

"मला जपानी येत नाही हो, किशनराव," ते म्हणाले, पण इतक्या हळू की किशनरावांनी ते होकारातच धरलं.

"तुमी नुसतं बघा, अन् आमाला सांगा काय चाललंय ते. अंधारातच बोलायचंय की."

अंधार म्हटल्यावर गुरुजींना जरा धीर आला.

डबे कोणत्या क्रमाने लावायचे, हाही प्रश्न त्यांच्याकडेच आला. प्रत्येक झाकणावर काळ्या शाईने एक जपानी आकडा होता. गुरुजींनी दोन दिवस डबे ओसरीवर मांडून विचार केला. एकावर एक आडवी रेघ होती, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. एक, दोन, तीन. इथवर सोपं होतं. मग बाकीच्यांच्याही रेघाच मोजायच्या. एका आकड्यात वर टिंब, खाली आडवी रेघ आणि दोन तिरपे पाय होते. ते झाले चार. दुसऱ्यात आडव्या-उभ्या मिळून पाच भरल्या. तिसरा आकडा खिडकीसारखा चौकोनी होता आणि चौकटीच्या आत दोन पाय लोंबत होते. चार बाजू आणि दोन पाय, म्हणजे सहा. उरलेल्या डब्यावर दोनच रेघा होत्या, एक आडवी आणि एक वळलेली. दोन तर आधीच झाले होते. हा कुठेच बसेना, म्हणून त्यांनी तो शेवटी ठेवला. त्या एका डब्याने त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती. पण सहा बसले होते, आणि सात जणांच्या वर्गात सहा पास झाले तर मास्तर एकासाठी वर्ग मोडत नाही.

दर रविवारी दुपारी खेळ सुरू झाला. यंत्र भुजंगचं होतं. तो जत्रांमधून तंबूतला सिनेमा चालवायचा आणि पाथरीहून यंत्र छकड्यात घालून आणायचा. विहाराच्या खिडक्यांना गोधड्या लावत, दाराला घोंगडं. आत भट्टी व्हायची. त्रिसरण-पंचशील झालं की भुजंग बटण दाबायचा, आणि बाजूच्या भिंतीवर ताणलेल्या पांढऱ्या धोतरावर एक डोंगराळ गाव उजळायचं. त्या गावात एक पोर होती. मोठ्या डोळ्यांची, फाटक्या झग्यातली. आईबाप नव्हते. एक आजी होती, एक कुत्रा होता.

गुरुजी भिंतीला पाठ लावून सांगत. "ही पोर विहिरीवर निघालीय. आजी म्हणतेय, लवकर ये." हे ते अंदाजाने सांगत; पण लोक हं-हं करत आणि गुरुजींचा आवाज दर रविवारी थोडा मोठा होई.

सिनेमात खोट पुष्कळ होती, आणि ती गावाच्या नजरेतून सुटली नाही.

"गुरुजी, हे झाड मघाशीच गेलं की!"

"पाचव्यांदा गेलं. म्या मोजलं."

"आन् ह्या पोरीचं बोलणं संपलं तरी तोंड चालूच हाय. आमच्या घरी बी तशीच एक हाय."

कुत्रा एका रविवारी तांबडा, तर दुसऱ्या रविवारी करडा. भुजंग म्हणे, "जपानात रंग महाग असंल." गुरुजींना या खोटींचा राग येई, आणि का कोण जाणे, अपमानही वाटे. जणू त्या त्यांनीच केल्या होत्या.

चौथ्या रविवारी आजी दिसेचना. पोर एकटीच घरात. तिने चुलीवरचं भांडं उतरवलं, दोन वाट्या मांडल्या, मग बराच वेळ बघत राहिली आणि एक वाटी उचलून परत ठेवली. गुरुजी गोंधळले, पण बोलणं तर भाग होतं. "आजी भावाच्या गावाला गेलीय," ते म्हणाले. पाचव्या रविवारी आजी अंथरुणावर. "भावाच्या गावाहून आजारी होऊन आली." आणि आजी मेली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. 

सहाव्या रविवारी खिडकीच्या आकड्याचं रीळ लागलं. धोतरावर चितारलेलं ऊन पडलं, आणि शेतात वाकून तण उपटणारी, बोळक्या तोंडाने हसणारी आजी दिसली. धडधाकट.

मग मागून आवाज आला, "गुरुजी, म्हातारी तर मागच्या ऐतवारी मेली व्हती न्हवं?"

"हो… ती… परत आली."

"परत आली? म्हंजी पुन्यांदा जलमली?"

गुरुजी घाबरून म्हणाले, "असेल."

झालं. किशनराव उठले आणि त्यांनी दारावरचं घोंगडं ओढलं. ऊन आत घुसलं आणि आजी धोतरावरच विरून गेली.

"पुनर्जन्म? ह्या विहारात?" ते गुरुजींना नव्हे, सगळ्यांनाच म्हणाले. "छप्पन साली आपण काय सोडून आलो? आत्मा मानत न्हाई, पुनर्जन्म मानत न्हाई, मागच्या जन्माचं पाप म्हणून आमाला येशीभायेर ठिवणाऱ्यांचं बोलणं मानत न्हाई. अन् आता पडद्यावर मेलेली बाई उठून तण काढायलीय! भुजंग, डबे भर. बुधवारी बैठक घेऊ. म्या म्हणतो, पेटी वापस नागपूरला."

गुरुजी घरी आले ते कसे, त्यांना कळलं नाही. किशनरावांचं चुकलं तरी काय होतं? काही नाही. मग जपानी माणसाने, जो स्वतः बौद्ध, त्याने असं का चितारावं? की बौद्ध असूनही तिकडचे लोक पुनर्जन्म मानतात? की आपणच काहीतरी चुकीचं पाहिलं? आणि या सगळ्यात एक लाजिरवाणी गोष्ट अशी की त्यांना सातवं रीळ बघायचं होतं. त्या पोरीचं पुढे काय झालं ते कळल्याशिवाय पेटी गेली, तर आपल्याला जन्मभर चुटपुट लागेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला चितारलेल्या पोरीची काळजी! कुणाला सांगायची सोय नव्हती.

सोमवारी सकाळी सगुणाबाई ओसरीशी येऊन टेकली. ती विहाराच्या आळीतलीच. दिवसभर मजुरी करायची आणि रिकाम्या वेळी लोकांच्या गोधड्या शिवायची.

"गुरुजी, एक इचारू का? तुमी हसताल."

"विचारा की."

"त्या पोरीच्या झग्याला काल एकच ठिगळ व्हतं. खांद्यावर. मागल्या ऐतवारी दोन व्हती. त्याच्या मागल्या ऐतवारी तीन. ठिगळं वाढत्यात का कमी व्हत्यात?"

गुरुजींनी हातातला कागद खाली ठेवला.

"म्या म्हणलं, त्यो जपान हाय, तिकडं कापड आपसूक जुडत असंल," ती म्हणाली. "पर मला काई पटंना."

ती गेल्यावर गुरुजींनी कागदावर तीन आकडे लिहिले. तीन, दोन, एक. खालून वर वाचले. खिडकीवालं आधी, मग मधलं, मग टिंबवालं. आजी शेतात हसते, आजी मरते, पोर दोन वाट्या मांडते.

म्हणजे आजी भावाच्या गावाला गेली नव्हती.

जपान्यांचे आकडे रेघा मोजून वाचायचे नसतात, एवढं साधं त्यांना कळलं नव्हतं. बैठकीत हे सांगितलं तर पेटी वाचेल. पण सांगायचं म्हणजे, सहा रविवार आपण जे सांगत होतो ते मनाने रचलेलं होतं, हेही सांगावं लागेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मंगळवारी त्यांनी दोनदा चप्पल घालून दोनदा काढली.

बुधवारी संध्याकाळी बैठक भरली. दिवे होते, त्यामुळे लपायला जागा नव्हती. किशनरावांनी विषय मांडला. "कुणाला काई बोलायचंय?"

गुरुजी उभे राहिले. सवयीने फळा शोधला, नव्हता. मग भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "माझी चूक झाली."

"जरा मोठ्यानं, गुरुजी. अन् हिकडं बघून."

ते वळले. रेघांचं सांगितलं, ठिगळांचं सांगितलं, सगुणाबाईचं नाव घेतलं. मग म्हणाले, "आणि मला जपानी येत नाही. एक अक्षर येत नाही. मी सांगत होतो ते सगळं मनाचं."

मग भुजंग खो-खो हसला. "आवो गुरुजी, कुत्रं भुंकलं तरी तुमी त्याचा अर्थ सांगत व्हता! आमाला काय कळत नव्हतं व्हय?"

"मग बोलला का नाही कुणी?"

"तुमी रंगात आला व्हता," सगुणाबाई म्हणाली. "कशाला मोडता घालायचा?"

गुरुजींना हे लागलं की बरं वाटलं, ते त्यांनाच ठरवता येईना. पण किशनराव हसले नव्हते. "बरं. म्हातारी उठली न्हाई, रिळं उलटी लागली. मान्य. तरी म्या इचारतो, ह्याच्यात हाय काय? एकच झाड धा येळा. तोंड एकीकडं, बोलणं एकीकडं. लोकं हसायला येत्यात. विहार हाय का तंबू? तुमीच सांगा, काय म्हणून ठिवायची ही पेटी?"

गुरुजी उभ्याउभ्याच बोलायला लागले.

"खोट आहे. झाड पाच वेळा नाही, मी मोजलं तर अकरा वेळा जातं. कुत्र्याचा रंग बदलतो. घोडा धावतो तर तेच चार पाय तसेच पुन्हा. ज्यांनी चितारलं त्यांच्याकडे वेळ नसेल, माणसं कमी असतील. मला काय माहीत. पण… ती वाटी."

"कोणती वाटी?"

"पोर दोन वाट्या मांडते आणि एक उचलून ठेवते. ते किती हळू आहे, आठवतं? हात आधी थांबतो. मग बोटं उघडतात. मग वाटी उचलते, तर कडेला अंगठा. हे सगळं हाताने काढायचं म्हणजे कागदावर किती हात काढावे लागले असतील? झाडाला त्यांच्याकडे वेळ नव्हता, किशनराव. वाटीला होता." ते थांबले. "आणि मी त्याच वेळी बोलत होतो. आजी भावाच्या गावाला गेलीय म्हणून. एवढं चांगलं काही पडद्यावर चाललं होतं आणि माझ्या बोलण्याखाली ते झाकलं गेलं. मला नीट सांगता येत नाही. कदाचित माझं हेही चुकत असेल."

ते खाली बसले. किशनरावांनी पेटीच्या झाकणावरून बोट फिरवलं.

"रविवारी खिडकीपासून लावा," ते म्हणाले. "चारी. अन् गुरुजी, तुमी बोलायचं न्हाई."

"नाही बोलणार."

रविवारी कुणीच बोललं नाही. आजी हसली, आजी मेली, पोरीने वाटी परत ठेवली. झाड आलं तेव्हासुद्धा कुणी मोजलं नाही. मग भुजंगने सातवं रीळ चढवलं.

भिंतीवर तोच डोंगर, तेच घर. दार उघडलं आणि आतून एक म्हातारी बाहेर आली. तेच बोळकं तोंड, तोच वाकलेला पाठकणा. अंगात नवा, बिनठिगळाचा अंगरखा. ती अंगणात बसली आणि कुठेतरी बघत राहिली. शेवटपर्यंत एवढंच. मध्ये एकदा तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. ती बोलली नाही की चितारणाऱ्याची चूक, देव जाणे.

रीळ फडफडत संपलं.

"आजीच हाय," मागून कुणीतरी म्हणालं. "पोरीला सपान पडलंय."

"छ्या. पोरच हाय ती. म्हातारी झाली," सगुणाबाई म्हणाली, आणि लगेच, "का आजीच? डोळे तर आजीचे दिसत व्हते."

"सगळ्या म्हाताऱ्या एकाच साच्यातल्या काढल्या असत्याल," भुजंग म्हणाला.

सगळे अंधारात गुरुजींकडे वळले. पोर असेल तर साठ वर्षं गेली. आजी असेल तर किशनराव पेटी उचलतील. त्यांनी डोळे मिटून ते तोंड पुन्हा समोर आणून पाहिलं. कधी पोर दिसे, कधी आजी.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. या वेळी ते सगळ्यांना ऐकू गेलं.

कुणी हसलं नाही. किशनराव पुढे सरकून अगदी धोतरापाशी जाऊन बसले होते. त्यांनी मागे न वळताच हात वर केला.

"भुजंग," ते म्हणाले, "परत लाव."