पाण्याकडचं वेडं दार

मित्रांनो, मी एक जुना किल्ला आहे. माझं छप्पर कधी गेलं ते मलाही आता आठवत नाही. पाय नदीत, डोकं वाऱ्यात आणि भिंतींच्या भोकांत पारवे, असा माझा संसार.

माझे दगड होड्यांतून आले. गवंड्यांनी खिडक्या आतून रुंद आणि बाहेरून चिंचोळ्या ठेवल्या, म्हणजे आतला बाण सुटावा, बाहेरचा शिरू नये. राजांनी कौतुक केलं, मेजवान्या झडल्या. पुढे तोफा आल्या आणि राजांनी पाठ फिरवली. गावकऱ्यांनी माझे दगड नेऊन घरं बांधली. मला राग आला नाही. कुणाच्या तरी डोक्यावर छप्पर आलं ना!

नदीकडच्या बुरुजात, बऱ्याच उंचावर, माझं एक दार आहे. बाहेर ना पायरी, ना सज्जा. पाऊल टाकलं की थेट नदीत! लोक त्याला 'वेडं दार' म्हणत आणि पोट धरून हसत. मला उत्तर ठाऊक होतं, पण तोंड कुठून आणू?

मग डागडुजी निघाली. मुकादमकाका चुन्याचं घमेलं घेऊन दारापाशी आले.

"बुजवूनच टाकू, ताई," ते इंजिनिअर ताईंना म्हणाले. "इथून पाहुणे काय उडत येणार होते?"

"थांबा काका. एवढी भिंत ओळंब्यात उभी करणारा माणूस दार कसं चुकवेल?"

ताई उंबऱ्यावर पालथ्या झोपल्या आणि बाहेरच्या कडेवरून हात फिरवू लागल्या. तिथे गुळगुळीत खाचा होत्या.

"हे छिन्नीचं काम नाही, काका. इथे दोर घासलाय."

"होडीचा दोर? इतक्या वर?"

दोघांनी एकदमच खाली पाण्याकडे पाहिलं. बरोबर ओळखलंत! महापुरात खालचा दरवाजा बुडायचा आणि माणसं, लेकरं, शेरडं होड्यांतून याच दारानं आत यायची. काकांनी घमेलं उचललं आणि परत नेलं.

यंदा नदी तशीच चढली. गाव बुडालं. पहिल्या होडीतून काकांनी नातीला दारातून आत दिलं, मग दोर बांधला. तो जुन्याच खाचेत बसला.

मित्रांनो, आम्हा म्हाताऱ्यांना खुशाल हसा. पण काही बुजवण्याआधी एकदा हात फिरवून पाहा.