खोटी पेशंट

चिमणीला पेशंट करायचं म्हटलं की वहिनी आधीच वैतागायची. कारण चिमणी हसायची. खाटेवर आडवी झाली, डोळे मिटले, वहिनीने तिचं मनगट हातात घेऊन इंग्रजीतलं पहिलं वाक्य उच्चारलं, की खाट गदगदायला लागायची. मग वहिनीचं वाक्य अर्ध्यावर लटकायचं आणि मागे बसलेला वर्ग खिदळायला मोकळा व्हायचा.

दोघी नणंद-भावजय. एकाच हॉस्पिटलात नर्स, घरी स्वयंपाकाच्या पाळ्यांवरून रोज भांडणाऱ्या आणि आता परदेशातल्या हॉस्पिटलात नोकरीला जायचं म्हणून एकत्रच कंबर कसलेल्या. त्यासाठी इंग्रजीची तोंडी परीक्षा पास व्हायला हवी होती. परीक्षेची रीत अशी, की जोडीतली एक पेशंट व्हायची आणि दुसरीने तिची नर्स होऊन, पेशंटचं काय होतंय ते परीक्षकाला इंग्रजीत सांगत जायचं. परीक्षेच्या खोलीत आपल्या भाषेतला एक शब्द जरी तोंडातून निघाला, तरी परीक्षा तिथेच संपली. चिमणी तिला वहिनी म्हणायची म्हणून सगळा वर्गच तिला वहिनी म्हणे, शिकवणाऱ्या मॅडमसुद्धा.

या मॅडमना मुली मागून गो-मॅडम म्हणत, कारण 'गो' या एका क्रियापदाने त्यांना झपाटलं होतं. "आपल्याकडे माणूस पांढरा पडतो, गार होतो, गप्प बसतो, बहिरा होतो, त्याला वेड लागतं. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी," त्या सांगायच्या. "तिकडे हा सगळा कारभार एकट्या 'गो'कडे. गो पेल, गो कोल्ड, गो क्वाएट, गो डेफ, गो मॅड. दूध नासलं तरी गो बॅड आणि माणूस हरवला तरी गो मिसिंग."

"आणि बरं व्हायचं असलं तर, मॅडम?" चिमणीने विचारलं होतं.

"तिथे 'गो'ला बोलवायचं नाही. तिथे 'गेट'. गेट वेल, गेट बेटर. मदत हवी असली तरी गेट हेल्प. 'गो'च्या शेजारी चांगला शब्द सहसा बसत नाही."

"म्हणजे हा आमच्या थोरल्या आत्यासारखा. दारात दिसला की समजायचं, काहीतरी वाईट बातमी आहे." वर्ग हसला, मॅडमही हसल्या. वहिनीला मात्र हसू आलं नाही. तिला हे कळायचं सगळं, पण घाबरली की डोक्याचं पार भजं व्हायचं आणि ती 'गो'च्या जागी दिसेल तिथे 'बिकम' ठोकून द्यायची.

सराव परीक्षेत तेच झालं. चिमणी हसली, वहिनीची वाक्यं पळाली आणि ती नापास झाली. घरी येताना वहिनीने रस्त्यातच तिला फैलावर घेतलं. "तुला सगळा खेळ वाटतो. खऱ्या परीक्षेत हसलीस ना, तर मी तुझी कुणी नाही आणि तू माझी कुणी नाहीस!"

चिमणीचा चेहरा एवढासा झाला. "नाही हसणार गं. शपथ."

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. चिमणीला साखरेचा आजार होता. ती रोज स्वतःच्या पोटात इन्शुलिन टोचून घ्यायची आणि हे जगात फक्त वहिनीला ठाऊक होतं. चिमणीच्या सख्ख्या भावाला, म्हणजे वहिनीच्या नवऱ्यालाही पत्ता नव्हता. हे कळलं तर आपली नोकरी गेलीच, अशी चिमणीची खात्री होती. तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण विचारून बघायची हिंमत दोघींपैकी एकीलाही झाली नाही.

परीक्षा त्यांच्याच वर्गात होती. त्या दिवशी चिमणीने नेहमीसारखं टोचून घेतलं. लवकर नंबर लागेल, बाहेर येऊन पोटभर खाऊ, असा हिशेब. पण आधीच्या जोड्या लांबल्या. कुणी चिठ्ठ्या आत नेऊ नयेत म्हणून सगळ्यांच्या पिशव्या परीक्षेच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात कुलूपबंद झाल्या होत्या. चिमणीच्या पिशवीत, साखर उतरली तर तोंडात टाकायला ग्लुकोजची पुडी असायची, ती आता कुलपाआड होती.

"मॅडमना सांगू का?" वहिनीने बाकावर बसल्या बसल्या कानात विचारलं.

"खबरदार! काही होत नाहीये मला." तेवढ्यात त्यांचा पुकारा झाला.

खोलीत एक खाट, सलाइनचा स्टँड आणि औषधांचा ट्रे. टेबलामागे परीक्षक बसले होते. गोरेगोमटे, पोक्त, इंग्रजीशिवाय दुसरी भाषा न कळणारे. कपाटाच्या किल्ल्या त्यांच्या कोपरापाशी पडल्या होत्या. त्यांनी वहिनीच्या हातात प्रसंग लिहिलेला कागद दिला. शस्त्रक्रियेनंतरचा पेशंट, प्रकृती अचानक ढासळते, वर्णन करा. चिमणी निमूट खाटेवर आडवी झाली आणि तिने डोळे मिटले.

वहिनीने मनगट धरलं. आता हसेल, आता हसेल, म्हणून तिने दात आवळून धरले. चिमणी हसली नाही. शब्दाला जागली पोरगी, असं वाटून वहिनीला हायसं वाटलं. ती बोलू लागली. शी इज गोइंग पेल, सर. आणि खरंच, चिमणी पांढरीफटक दिसत होती. परीक्षकांनी मान डोलावली. शी इज गोइंग कोल्ड. हात गार होता. परीक्षकांनी पुन्हा मान डोलावली, या वेळी जरा जास्तच. 'बिकम' आसपाससुद्धा फिरकलं नाही. वाक्यं कशी ओळीने, आपल्या पायांनी चालत येत होती. वहिनीला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. शी इज गोइंग क्वाएट, ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा अंगठा चिमणीच्या तळहातावर घसरला.

तळहात घामाने निथळत होता. वरच्या ओठावर घाम, कपाळावर घाम, गळ्यापाशी पोशाख भिजून अंगाला चिकटलेला. चिमणी नकला कितीही करो, घाम तिला आणता येणार नव्हता.

वहिनी तिच्यावर वाकली. "चिमणे," ती ओठांतल्या ओठांत पुटपुटली. पापण्या जेमतेम हलल्या, डोळे उघडले नाहीत. तिने ट्रेवर झडप घातली. ग्लुकोजची बाटली समोरच होती, मोठ्या अक्षरांत नाव लिहिलेली. सुई भरेपर्यंत तिला आठवलं की इथल्या सगळ्या बाटल्यांत नळाचं पाणी असतं. सरावासाठी त्या तिनेच कितीदा भरल्या होत्या. या खोलीत खरं काहीच नव्हतं, फक्त चिमणी खरी होती आणि ती हातातून चालली होती.

"सर, धिस इज रिअल!" ती ओरडली. "शी इज रिअली सिक! ओपन द कबर्ड, प्लीज!"

परीक्षक प्रसन्न हसले. त्यांनी शांतपणे इंग्रजीत सांगितलं, की फार सुंदर, भावना अगदी अचूक आहेत, पण या प्रसंगात कपाट नाही, पुढे चालू ठेवा. बिचाऱ्यांनी असले अभिनय सकाळपासून कितीतरी पाहिले असणार. वहिनीला त्यांचं ते हसू बघून रडू फुटलं. त्यांनी रडण्यालाही मान डोलावली.

मग मात्र तिने परीक्षा, नोकरी, परदेश, सगळं खड्ड्यात घातलं. टेबलावरच्या किल्ल्या हिसकावल्या आणि बेंबीच्या देठापासून आपल्या भाषेत ओरडली, "मॅडम, धावा! चिमणीची साखर उतरलीय! इन्शुलिन घेते ती! गाडी बोलवा!"

किल्ली कुलपात जाईना. एक चुकली, दुसरी चुकली. मागे परीक्षक उठले तशी खुर्ची वाजली. दार उघडून गो-मॅडम आत आल्या आणि खाटेकडे एकदाच बघून फोन करायला वळल्या. कुलूप निघालं. वहिनीने पिशव्यांचा ढीग जमिनीवर ओढला, चिमणीची पिशवी उलटी केली. कंगवा, रुमाल, इन्शुलिनचं पेन, सुया, सगळं सगळ्यांसमोर फरशीवर सांडलं. पुडी दाताने फोडून तिने चिमणीला कुशीवर वळवलं आणि ओल्या बोटाने चिमूट चिमूट गालाच्या आत चोळायला लागली.

"गीळ, माझ्या राणी, गीळ ना गं." घसा हलतोय की नाही, ते तिला डोळ्यांतल्या पाण्यामुळे दिसेना. तिने गळ्यावर हात ठेवला. काहीच नाही. पुन्हा बोट, पुन्हा गाल. दारात मुली जमल्या होत्या. वहिनीला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. वॉर्डात माणसं डोळ्यांदेखत गेली तेव्हाही नव्हती वाटली. ती वाक्यं बोलत होती तेव्हाच ही बुडायला लागली होती. तिने पांढरी म्हटलं तेव्हा ही पांढरीच होती, गार म्हटलं तेव्हा गारच होती. आणि आपण खूश होत होतो.

हाताखाली घसा हलला. थांबून पुन्हा हलला.

गाडीचा भोंगा रस्त्यावर ऐकू आला तोवर चिमणीने डोळे किलकिले केले होते. तिने वहिनीकडे पाहिलं, परीक्षकांकडे पाहिलं. फरशीवर सांडलेलं तिला अजून दिसलं नव्हतं. तिचे ओठ हलले, म्हणून वहिनीने कान जवळ नेला.

"वहिनी," ती पुटपुटली, "मी मध्येच हसले नाही ना गं?"

वहिनीने तिला घट्ट धरलं. मग पुडीत उरलेली चिमूट तिच्या गालात सारली.